शनिवारचं विमान

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. जूनमध्ये मी मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलात नकाशाच्या कामावर गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. मीच मागून घेतलं होतं. घरी मात्र सांगितलं, "साहेब ऐकत नाही."

वरून काढलेल्या फोटोंत तळी दिसत, ओढे दिसत. पण कुठल्या ओढ्याला बारा महिने पाणी असतं, कुठलं तळं मुळातलं आणि कुठलं बीव्हर नावाच्या प्राण्यांनी बांध घालून अडवलेलं, हे पायी फिरूनच कळे. दिवसभर चिखल, डास, ओले बूट. मला ते बरं वाटे. तिथं समोर कुणी गप्प बसलेलं नसे.

आम्ही राहायचो त्या गावच्या धक्क्यावरून दर शनिवारी पाण्यावर उतरणारं छोटं विमान आमचा शिधा घेऊन येई. त्यातून बायको चिवडा पाठवायची. मी निघताना तिनं विचारलं होतं, "त्याच विमानानं एखाद्या शनिवारी नाही का येता येणार?"

"सामानाचं विमान आहे ते. माणसं घेत नाहीत."

ऑगस्टात एकदा पायलट डबा देत म्हणाला, "तुझी बायको स्वतः धक्क्यावर आली होती, चालत! विचारत होती, परतताना जागा असते का. म्हटलं, असते की, रिकामाच तर जातो. चल, येतोस? या चिवड्यासाठी तुला फुकट नेईन."

विमान समोर पाण्यावर डुलत होतं.

"खालचे ओढे राहिलेत अजून," मी म्हणालो. ते ओढे मी आदल्या दिवशीच संपवले होते. हे आजवर कुणाला बोललो नाही.

ऑक्टोबरात घरी गेलो. तिनं पान वाढलं. भाजी वाढता वाढता म्हणाली, "जागा असायची ना?"

"हो."

"बरं. पोळी घ्या."

तेव्हा तरी सांगायचं होतं, की तुझ्याकडे बघवत नव्हतं गं, म्हणून पळालो. मी पोळी घेतली.

पुढे मुलं झाली, न्यू जर्सीत घर झालं. वहिनी किती शांत, असं मित्र म्हणतात. मी कामासाठी कितीही दिवस बाहेर असलो, तरी कधी येणार, हे तिनं त्यानंतर एकदाही विचारलेलं नाही. मीच फोन करून सांगतो, गुरुवारी येतोय.

"बरं," ती म्हणते.