मिरचीच्या खोलीतला पंखा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात. कुणी बघायला लागलं की माझी जीभ भलतीकडेच वळते.

गोष्ट तशी हसण्याची आहे. आमच्या बॅचमध्ये ती हसत हसतच सांगितली जाते. कुणाचं लग्न असो, बारसं असो, कुणीतरी विषय काढतंच, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसते. म्हणूनच तर इतकी वर्षं अडकून बसले आहे. जिथे आपण टाळ्या देऊन हसलो, तिथे परत जाऊन कसं म्हणायचं — थांबा जरा?

आम्ही नंदुरबारला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. वर्ग लहान होता. मी, वर्षा आणि नरेश असं आमचं त्रिकूट. माझ्या बाबूजींचं गावात कापडाचं दुकान. आमचे पणजोबा राजस्थानातून आले, घरात अजून मारवाडी चालते. वर्षा धानोऱ्याची, शेतकऱ्याची पोर, तोंडानं फटकळ. नरेश तळोद्याच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. त्याच्या घरी पावरी बोलतात, त्यामुळे तो आमच्याशी शाळेत शिकलेली मराठी बोलायचा — सावकाश, एकेक शब्द पुसून मांडल्यासारखी. वर्षा त्याची नक्कल करायची. तो खाली बघून हसायचा.

वर्षाअखेरीला प्रदर्शन असायचं. त्यावरच निकाल, आणि उत्कृष्ट विद्यार्थ्याला एक लाकडी ढाल. तो पंधरवडा काय मजेचा होता म्हणून सांगू! भिंतींना चुना आम्हीच दिला. बाबूजींच्या दुकानातून मी मांजरपाटाचे तागे आणले आणि खोल्यांच्या खिडक्या झाकल्या. मुलं शिडीवर, मुली खाली, आणि दिवसभर एकच वाद — चित्र डावीकडे कललंय की उजवीकडे. चहा पिता पिता कुणीतरी रंगाच्याच डब्यात कप बुडवायचं. मी माझं मोठं तैलचित्र टांगत होते: सकाळचा बाजार, दुकानांच्या फळ्या उघडताहेत. पूर्ण वर्ष घातलं होतं मी त्यावर.

आणि मग वर्षाची मिरची आली.

नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीतच असेल. तिच्या मामाची पथारी होती, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. तिथून ती टेम्पो भरून लाल मिरची घेऊन आली आणि मधल्या खोलीभर गुडघाभर उंच पसरली. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल. त्यात मधे मधे तिनं गोल जागा रिकाम्या ठेवल्या. पथारीवर बायका दिवसभर देठ खुडत बसतात ना, त्यांच्या बसण्याच्या त्या जागा. बाया नाहीत, फक्त त्यांची बसायची जागा. तेवढंच. बाकी काही नाही.

मी दारात उभी राहून बघितलं. मला ते लगेच कळलं होतं — हे मला सुचलं नसतं. कधीच नसतं.

आमच्या सरांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या चित्रापाशी आले आणि म्हणाले, "रंग चांगले वापरलेत." चांगले वापरलेत! भाजीत मीठ वापरतात तसे?

तर, मिरचीच्या खोलीत उभा पंखा होता. सरांनी बजावलं होतं की त्याला हात लावायचा नाही, नाहीतर बियांची भुकटी उडेल. वर्षानं बटणावर चिठ्ठीच चिकटवली होती. मी तिला म्हटलं होतं, "पाहुण्यांना ठसका लागेल गं." ती म्हणाली, "मिरची शे वं, ठसका लागसच." तिला कशाचीच काळजी नव्हती. मला त्याचाही राग आला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच लाइट गेली. एप्रिलचं ऊन, खिडक्यांना मांजरपाट — माझाच — आणि आत नुसती भट्टी. पाहुणे सुरतेहून यायचे होते, एक वयस्कर चित्रकार. सगळे फाटकाशी हार घेऊन उभे. मी मात्र पिना आणायच्या म्हणून आत आले. मधल्या खोलीत कुणी नव्हतं.

मी लांबण लावते आहे, नाही का? कळतंय मला.

मी बटण दाबलं. चिठ्ठी वाचली आणि दाबलं. काही झालं नाही, लाइटच नव्हती. आणि त्याच्याच आधारानं मी ते केलं — म्हटलं, मी कुठे काय केलं? आली लाइट तर आली. नाही आली तर कुणाचं काय गेलं? मग पिना घेऊन मी पुन्हा फाटकाशी जाऊन उभी राहिले. हार माझ्याच हातानं घातला पाहुण्यांना.

लाइट कधी आली असेल? पाहुणे मधल्या खोलीत शिरले, वर्षा त्यांना त्या रिकाम्या जागांबद्दल सांगायला लागली, ते नीट बघायला खाली वाकले — आणि घरघर करत पंखा फिरला. थेट मिरचीवर.

पुढचं मी हसल्याशिवाय सांगूच शकत नाही, हा माझा आणखी एक दोष. लाल धुरळा उठला. पाहुणे शिंकले, सर शिंकले, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि ते दार समजून माझ्या मांजरपाटात शिरले. माणसं एकमेकांना ढकलत अंगणात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कुणी ताक मागतंय, कुणी गूळ. बाबूजी दुकान बंद करून माझं चित्र बघायला आले होते. ते दारातूनच शिंकत परत फिरले.

सरांचा आवाज आधी फुटेना. मग फुटला. "पंखा कुणी लावला?"

सर वर्षाकडे वळले. तिचं काम, तिची खोली, तिची जबाबदारी. तिचा चेहरा मी बघितला — फटकळ वर्षा, आणि ओठ थरथरत होते. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. एक शब्द टाकायचा होता मला. तोंड उघडलंही होतं, देवाशप्पथ, पण त्यातून शिंक आली.

"मी लावला, सर," नरेश म्हणाला. सावकाश, नेहमीसारखा. "पाहुण्यांना गरम होत होतं."

लाइट नसताना, सगळ्यांच्या बरोबर फाटकाशी उभा असलेला माणूस पंखा कधी लावेल? पण त्या गोंधळात कुणाला सुचणार? सरांनी त्याला सगळ्यांसमोर बेजबाबदार म्हटलं. त्याच्या खोलीकडे पाहुणे गेलेच नाहीत. त्यानं तळोद्याहून डोंगरात जाणाऱ्या जीपमधली माणसं कोळशानं काढली होती, दाटीवाटीनं बसलेली, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याची हनुवटी. आमच्या वर्गातलं सगळ्यांत चांगलं काम तेच होतं. हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही. ढाल त्याचीच होती.

ढाल मला मिळाली.

मी घेतली. हो, घेतली. फोटोही काढला. आता ती माझ्या सासूबाईंनी दर्शनी कपाटात ठेवली आहे. पाहुणे आले की दाखवतात.

वर्षाचं काय झालं म्हणाल, तर तिचं वाईट काहीच झालं नाही. सुरतेचे पाहुणे अंगणात डोळे पुसत बसले आणि वर्षाला म्हणाले, "त्या बायका रोज हेच नाकात ओढतात का?" ती हो म्हणाली. ते पुन्हा नाकाला रुमाल लावून आत गेले आणि एकटेच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरंसोरं खास शिंकायला येऊ लागली. मला तिचा दिवस मोडायचा होता, आणि तिचाच दिवस झाला. मला तेही जमलं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वर्षा त्या दिवसापासून नरेशकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. साधा माणूस, पाहुण्यांची काळजी करतो, चुकला तर सर्वांसमोर कबूल करतो — असं तिच्या मनात बसलं. दोन-तीन वर्षांनी घरी सांगितलं. धानोऱ्यात गहजब झाला. तिचे वडील तिच्याशी बोलेनात. जातीबाहेर, वर डोंगरातलं घर. मग कुणीतरी त्यांना पंख्याची गोष्ट सांगितली. कुणी म्हणजे — मीच. मैत्रिणीसाठी तेवढं तरी करावं म्हणून गेले होते. सर वर्षावर ओरडणार तेवढ्यात नरेश पुढे झाला, असं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मन्ही पोरसाठे ज्यानी अंगवर लिधं, त्याले नही कसं म्हनू?"

लग्नात मी करवली होते. खूप नाचले.

आता दोघं तळोद्यात राहतात, मुलगी आहे. गेल्या दिवाळीत मी गेले होते. वर्षा आत पापड तळत होती, नरेश आणि मी बाहेर ओट्यावर. तो मधेच म्हणाला, "सरिता, एक सांगू? पंखा मी लावला नव्हता."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"वर्षाच विसरली असणार," तो म्हणाला. "झाडताना बटण चालू राहिलं असेल. सरांनी विचारलं तेव्हा तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, मीच."

"तिला सांगितलं नाहीस?"

"कशाला? तिला वाटेल, तिच्यामुळे माझी ढाल गेली. तूही सांगू नको."

इतक्या वर्षांत एवढी सोपी जागा मला कधी मिळाली नव्हती. ओट्यावर आम्ही दोघंच. तीन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "बरोबर केलंस." आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात वर्षा पापडांचं ताट घेऊन आली. "काय कुजबुज करी ऱ्हायनात तुम्ही?" मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं कौतुक चाललंय. ती खूश झाली.

तरुणपणीचं ते बटण मी वयावर ढकलू शकले असते. ओट्यावरचं कशावर ढकलू?

म्हणून आता त्या दोघांसाठी लिहिते. वर्षा, पंखा त्यानं लावला नव्हता. त्याला वाटलं तू लावलास, आणि अजून तो तुला त्यातून वाचवतो आहे. नरेश, तिच्याकडून काही राहिलं नव्हतं. बटण मी दाबलं. तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून, आणि तुझ्याबद्दल तर मी विचारही केला नव्हता.

रविवारी तुमच्याकडे जेवायला येईन असं मी कबूल केलं आहे. हे त्याआधी तुमच्या हातात पडेल असं बघते. यावं की नाही, ते मी विचारत नाही.