बॅटरी उतरली, भिया

चालत्या गाडीवरून पडणारे पुष्कळ असतात. मी उभ्या गाडीवरून पडलो. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या धारच्या घरासमोर, नवीन शर्ट घालून मोटारसायकलवर बसलो होतो आणि बायको मोबाइलवर फोटो काढत होती. ती म्हणाली, "जरा तिरपे व्हा." मी तिरपा झालो. गाडी माझ्यापेक्षा जास्त तिरपी झाली. पाय मोडला. फोटो मात्र फर्स्टक्लास आलाय, त्यात मी हसतोय.

डॉक्टर म्हणाला, दिवाळीपर्यंत गाडी चालवायची नाही. माझा दोस्त मेकॅनिक आहे, तो म्हणाला, "हफ्ते में एक बार चालू कर लेना भिया, नहीं तो बैटरी जाएगी." मी दोघांचंही ऐकलं. रोज संध्याकाळी काठी टेकत जायचो, गाडीवर बसायचो, चावी फिरवायचो. दिवा लागला, काटा वर जाऊन खाली आला, की झाली चालू! दोनदा हॉर्न द्यायचो, समोरच्या काकू दचकायच्या, की चावी काढून घरात. चालू करायचं म्हणजे इंजिन, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट मी खुश. त्यानं हफ्त्यातून एकदा सांगितलं होतं, मी रोज करत होतो.

मग भाऊबीज आली. माझी मोठी ताई नालछ्याला दिलेली. मला ओवाळल्याशिवाय त्या दिवशी ती पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. आधी ठीक होतं, पण आता तिला शुगर आहे. सकाळची गोळी घेतली की तिला खावंच लागतं. म्हणून मी भाऊबीजेला उजाडता उजाडता तिच्या दारात असतो. यंदा तिनं आदल्या दिवशी फोनवर विचारलं, "भाऊजींना पाठवू का रे तुला घ्यायला?"

"कशाला? पाय एकदम टनाटन आहे. मी गाडीवर येतो. हॉर्न ऐकला की तू निरांजन लाव."

सकाळी अंघोळ करून, अत्तर लावून गाडीवर बसलो. चावी फिरवली. दिवा नाही, काटा नाही. हॉर्न दाबला तर बकरी शिंकल्यासारखा आवाज आला आणि तोही परत आला नाही. ह्या गाडीला किक पण नाही. घेताना मीच म्हटलं होतं, किक म्हातारे मारतात. गल्लीतल्या दोघांनी धक्का दिला. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, गाडी काही बोलली नाही. तिकडून परत आणायला कोणी आलं नाही, मीच लंगडत ढकलत दारात आणली. बसचं म्हणाल, तर भाऊबीजेच्या बसमध्ये उभं राहायला दोन पाय लागतात, माझ्याकडे दीडच होता.

दोस्ताला फोन लावला. "भिया, बैटरी उतर गई!"

"उतर गई? तो चढ़ा दे नी वापस. पहले लाल तार कसना, फिर काली."

मला वाटलं, ही काही तरी मेकॅनिक लोकांची युक्ती असेल. बॅटरी गाडीतच होती, म्हणून आधी ती काढली, खाली ठेवली, आणि मग चढवली. लाल तार, मग काळी. चावी फिरवली. काही नाही.

"चढ़ा दी भिया, पर उतरी हुई है."

"फिर उतर गई? पट्टा ढीला होगा. कसके बाँध दे."

मी घरात गेलो, परकराची नाडी घेतली आणि बॅटरी अशी बांधली की भूकंप आला तरी हलायची नाही.

"बाँध दी. अब भी उतरी हुई है."

मग तो म्हणाला, "भिया, सुबे-सुबे भाँग तो नी ली?"

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचा भाऊ देवासहून निघाला होता. "माझा भाऊ देवासहून इंदूर पार करून इथं पोचेल," ती म्हणाली, "तुम्ही गल्ली पण पार करणार नाही. आणि ती माझी नाडी आहे का?"

तेवढ्यात ताईचा फोन आला. "कुठवर आलास?"

"निघालोच."

"ये सावकाश. गोळी घेतलीय मी. हात जरा थरथरतायत, बाकी काही नाही."

"ताई, खाऊन घे गं! मी येतो ना मागून."

"खाईन की. तू आलास की खाईन," असं म्हणून तिनं ठेवला. तिचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी नाडीकडे बघत बसलो.

बायकोनं माझ्या हातातला फोन घेतला आणि दोस्ताला लावला. "भैया, बैटरी मर गई है."

"मर गई? तो ये बोले नी! वो तो कब से बोल रिया उतर गई, उतर गई. मैं समझा, निकाल के नीचे रखी है."

आता आमच्या घरात आजोबांपासून बॅटरी उतरतेच. ताप उतरतो, दारू उतरते, तशी बॅटरी उतरते. हिंदीत ती मरते, हे इतकी वर्षं धारमध्ये राहून मला माहीत नव्हतं.

दोस्त आला तो बहिणीकडूनच उठून आला. कपाळावर टिळा, टिळ्याला तांदूळ, तोंडात खोबऱ्याचा गोळा. नाडी बघून त्याला गोळ्याचा ठसका लागला. त्यानं दोन तारांनी त्याच्या गाडीची बॅटरी माझ्या बॅटरीला जोडली, म्हणाला, "मार सेल्फ." गाडी खर्रर्र करून सुरू झाली. तारा काढता काढता म्हणाला, "अब बीच में बंद मत करना. साइड स्टँड भी मत लगाना, लगाया तो ये अपने आप बंद हो जाएगी."

मी नालछ्यापर्यंत कुठं थांबलो नाही. रस्त्यात गाय बसली होती, तिच्या भोवती तीन चकरा मारल्या, पण थांबलो नाही. लघवी लागली होती, ती पण धरून ठेवली. ताईच्या अंगणात शिरलो तोच हॉर्न वाजवत.

भाऊजींनी ताईला हाताला धरून बाहेर आणलं. चेहरा पांढरा पडला होता, पण माझ्यावर डोळे वटारण्याइतका दम होता तिच्यात. आत पाट मांडलेला, रांगोळी काढलेली.

"बस पाटावर," ती म्हणाली.

"ताई, इथंच ओवाळ. उतरलो तर गाडी बंद होईल."

"मोटारसायकलला ओवाळायला मी उपाशी राहिलेय का?"

"अगं, बंद झाली तर परत चालू होणार नाही. बॅटरी उतरलीय."

"बॅटरी उतरली ना? मग आता तू उतर."

"मग मी घरी कसा जाऊ?"

"राहा इथंच. कोण हाकलतंय?"

तिचे हात ताटासकट थरथरत होते आणि निरांजन हलत होतं. मी चावी बंद केली आणि आत गेलो. पाय दुमडत नव्हता, तो रांगोळीवर लांब पसरून पाटावर बसलो. कुंकू कपाळाऐवजी नाकाला लागलं. ओवाळून झालं तसं भाऊजींनी तिच्या हातात वरण-भाताची वाटी दिली, आणि ती माझ्याकडे न बघता भराभरा खायला लागली. मी आधी मोरीकडे पळालो. परत आलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला होता आणि ती मला म्हणत होती, "टनाटन पाय म्हणे!"

तेवढ्यात बाहेर भाऊजींनी उगाच जाऊन गाडीलाच राहिलेली चावी फिरवली आणि सेल्फचं बटण दाबलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. रस्ताभर इंजिन चालल्यावर बॅटरी भरते, हे पण मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी ताईकडे बघितलं. तिनं पुरीचं ताट पुढं ओढलं होतं आणि माझ्यासाठी दुसरं वाढत होती.

"भाऊजी," मी आतून ओरडलो, "बंद करा हो ती! माझं राहायचं ठरलंय."