माझ्या मुंग्या बसून जिंकल्या

खेळ संपल्यावर फळ्यावर नियम लिहायचा, ही कुठली पद्धत झाली? तेही मी जिंकल्यावर... आणि वर मलाच सांगायचं, वहिनी, मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावून घेतलेलं नाही. मी विचारतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या दहिसरला मंडळाच्या खोलीत दर शनिवारी दुपारी बायकांचा कॉम्प्युटर क्लास चालतो. शिकवते स्नेहल, आमच्याच चाळीतली मुलगी, कंपनीत कामाला आहे. मी शाळा चौथीत सोडली, पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, मला कशाला हवाय कॉम्प्युटर... पण समोरच्या सुरेखाने हाताला धरून नेलं. म्हणाली, "चल गं, एसी आहे." गेले तर पंखा निघाला.

स्नेहल आम्हाला खेळातून प्रोग्रॅमिंग शिकवते. स्क्रीनवर दोन वारुळं, दोन्हीकडे चार-चार मुंग्या, समोरच्याच्या वारुळातली साखर पळवायची. पण मुंगीला आपण हलवायचं नाही... आधी सगळं लिहून द्यायचं, बटण दाबायचं आणि मग नुसतं बघत बसायचं. लिहायचंही मराठीतच... जर, तर, नाहीतर.

माझ्यासारखीला बघत बसणं म्हणजे शिक्षाच. पहिल्या दिवशी माझी मुंगी भिंतीला जाऊन धडकली आणि धडकतच राहिली. मी ओरडले, "अगं, वळ की बाई." स्नेहल शांतपणे म्हणाली, "काकू, वळायचं तुम्ही लिहिलंच नाहीत. तुम्ही लिहिलंत तेच ती करणार, तुमच्या मनातलं तिला कळत नाही."

हे वाक्य मग आम्ही दर शनिवारी ऐकलं. सुरेखाने एकदा उजवीकडेच्या जागी डावीकडे लिहिलं आणि हरली. किती विनवण्या केल्या तिने, मला उजवीकडेच म्हणायचं होतं गं... स्नेहलने ऐकलं नाही. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी शिंदे भाऊ तिथेच बसले होते, तेही म्हणाले, लिहिलं ते लिहिलं.

परवा शनिवारी शेवटची मॅच होती, माझी आणि सुरेखाची. जी जिंकेल तिने पार्ल्याच्या एका कॉलेजात जायचं, तिथे ठिकठिकाणच्या क्लासमधल्या बायका खेळणार आहेत. कॉलेजात मी एकदाच गेलेय, मुलीच्या ॲडमिशनला, तेही फॉर्मच्या खिडकीपर्यंत. या वेळी आत जाऊन बसायला मिळणार होतं... खुर्चीवर, माझ्या स्वतःच्या नावाने.

आता या खेळात एक गोष्ट आहे. चाललं की मुंगीची ताकद कमी होत जाते. दोन मुंग्या भिडल्या की जिच्यात ताकद जास्त ती राहते, दुसरी बाद... आणि जिच्या सगळ्या मुंग्या बाद, ती हरली.

मी लिहिलं, जर शेजारी शत्रू आला, तर भिड. झालं, म्हटलं, आणि दाबलं बटण. सुरेखाच्या मुंग्या निघाल्या टकाटक. माझ्या चारही आपल्या बसून... हलेनातच. मी लिहिलेलं पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे कळलं, 'नाहीतर पुढे चाल' लिहायचं राहूनच गेलं होतं. घाई, दुसरं काय.

पण झालं उलटंच. सुरेखाच्या मुंग्या अख्खं मैदान तुडवून दमून आल्या, आणि माझ्या ताज्यातवान्या बसल्या होत्या. एकेक आली, भिडली, बाद झाली. बायका हसून हसून बेजार. सुरेखा म्हणाली, "झोपून जिंकलीस की गं, भवाने." स्क्रीनवर माझं नाव आलं, विजेती म्हणून.

मग स्नेहलने विचारलं, "काकू, भारी डाव होता हा. मुद्दाम बसवून ठेवल्यात ना?" हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता... पण मी म्हटलं, "नाही गं, लिहायला विसरले."

तेवढंच शिंदे भाऊंनी उचललं. चुकून जिंकणं म्हणजे जिंकणं नव्हे म्हणे. खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, ज्याच्या मुंग्या हलणार नाहीत तो हरला. स्नेहल वायरी गुंडाळायला लागली. सुरेखाने तर ते वहीत उतरवूनही घेतलं... तिलाही पार्ल्याला जायचंच आहे, कळतं मला.

दोन दिवस पोळ्या लाटताना हाच विचार करतेय. सुरेखाने डावी-उजवी केली तेव्हा तिच्या मनात काय होतं, ते कुणी विचारलं नाही. मग माझी चूक माझ्याच फायद्याची निघाली, तर आता माझ्या मनात का डोकावायचं? मुंगीला मनातलं कळत नाही, तर नियमालाही कळायला नको. मी बटण दाबलं तेव्हा फळा कोरा होता. लिहिलं नव्हतं, म्हणजे नव्हतं.

स्नेहल, तुझ्यावर राग नाही हं. तुझ्या क्लासच्या आधी मी घरात सगळ्यांवर ओरडायचे, एवढं साधं कसं कळत नाही म्हणून. आता ओरडायच्या आधी आठवून बघते, मी सांगितलं होतं का... बऱ्याचदा सांगितलेलं नसतं. घरात जरा शांतता आहे ती तुझ्यामुळे, त्याचे आभार मानायचे राहिले होते.

तर पार्ल्याला नाव शुक्रवारी कळवायचंय. म्हणून इथे मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारते, शिंदे भाऊ आणि स्नेहल, दोघांनाही. जर मी जिंकले असेन, तर मी जाते. नाहीतर सुरेखाला पाठवा, मी तिच्यासोबत गेटपर्यंत जाईन आणि ती बाहेर येईपर्यंत थांबेन.

दोन्ही बाजू लिहून दिल्यात, या वेळी काही विसरलेले नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर उत्तर टाका. 'बघू' चालणार नाही.