माईच्या हातचं पाणी

माई गेल्याचं मला कचेरीत कळलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी निरोप घेऊन आला, "भाऊ, आपकी दीदी..." एवढंच म्हणाला आणि उभा राहिला. महिना होत आला. काय झालं होतं, असं लोक विचारतात. छातीचं दुखणं, असं मी सांगतो. ते खरंच आहे. पण माझी थोरली बहीण त्याच्या कितीतरी आधी, बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावात संपली होती.

तिथे ती मास्तरीण म्हणून गेली तेव्हा बालाघाटातल्या आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. माई कोणाचं ऐकणारी नव्हती, माझं तर मुळीच नाही. आधी पोरांची नखं कापायची, मग पाटी. वर्षभरात शाळा भरली. पुढच्या उन्हाळ्यात आसपास हैजा, म्हणजे कॉलरा आला. सरकारी माणसं जीपनं आली, गावच्या विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकली आणि गेली. पाणी गुलाबी झालं. ते कशासाठी, हे सांगायला कोणी थांबलं नाही. बायांनी घागरी उचलून सरळ नाल्याची वाट धरली. "दवाचं पानी बिमारानं प्यावं, आमच्या पोराईले काहून पाजू?" असं त्यांचं म्हणणं.

माई हट्टाला पेटली. रोज सकाळी विहिरीवर सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायची. शाळेतला माठ त्याच पाण्यानं भरायची आणि प्रत्येक पोराला आपल्या हातानं पेला द्यायची. बाई देतात म्हणून पोरं प्यायची... आणि घरी जाऊन नाल्याचं प्यायची.

आधी गोमती नावाची पोरगी गेली, मग तिचा भाऊ, मग आणखी काही. गावाला दिसलं ते एवढंच, की गेली ती शाळेतली पोरं. मी माईला आणायला गेलो होतो. गोमतीची आई दारात येऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. "बाई, तुमच्याच हातानं लाल पानी पेली माही पोरगी. त्यानंच गेली ना?"

माई म्हणाली, "हौ."

बस येईपर्यंत मी तिच्यावर चिडत होतो. पोरं नाल्यानं मारली, हे तू सांगितलं काहून नाही? माई म्हणाली, "सांगून काय झालं असतं रे? नाल्याचं पाणी तर त्या मायनंच पाजलं होतं पोरीले."

शाळा बंद पडली. पुढच्या उन्हाळ्यात हैजा पुन्हा आला आणि गाव पुन्हा नाल्यावरच गेलं. माईची बालाघाटात बदली झाली. पण तिनं नंतर कधी कोणाच्या हातात पाण्याचा पेला दिला नाही. घरी कोणी आलं की बसल्या जागेवरून माठ दाखवायची, "घे बापा, तूच घे." लोक तिला तुसडी म्हणत. मीही कधी खुलासा केला नाही. केला असता तर तिला आवडलं नसतं.

परवा तिची खोली आवरायला गेलो. बरोबर माझी धाकटी मुलगी होती. शेजारणीनं माठ भरून ठेवला होता. पोरीला तहान लागली म्हणून शेजारणीनं पेला भरून पुढे केला, तर पोरगी तो घेईना.

"आत्याकडे आपलं आपणच घ्यायचं असते," ती म्हणाली, आणि टाचा उंच करून माठात हात घालू लागली.