बाईंचे लिस्बनचे चार दिवस

भूगोलाच्या बाई कुठल्याही खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबून आधी छताकडे बघत. भेग कुठे आहे, तुळई कशावर टेकली आहे, हे बघून झालं की दाराजवळची खुर्ची ओढून बसत. माझ्या लग्नातही त्या मांडवाच्या कडेलाच जेवल्या. आत बोलावलं तर म्हणाल्या, "हितं बरी हाय मी." त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे यजमान आणि सहा वर्षांची मुलगी गेली होती. आमच्या निलंगा तालुक्यातल्या त्या भागात हे सांगण्याजोगंही राहिलं नव्हतं. घरोघर तेच होतं. त्यामुळे कुणी जास्त विचारत नसे.

नववीला भूकंपाचा धडा होता. तो बाई दुसऱ्या शिक्षकांना कधी देत नसत. एक ओळ न गाळता, आवाज न बदलता शिकवत. त्याच तासाला त्यांनी आम्हाला लिस्बन शहराचा अडीचशे वर्षांपूर्वीचा भूकंप सांगितला. सणाची सकाळ, लोक प्रार्थनेला चर्चमध्ये जमलेले, आणि शहर कोसळलं. मग आग, मग समुद्र. पुढे तिथल्या लोकांनी सरळ रस्ते आखून नवं शहर बांधलं, पण एक मोठं चर्च पडलं तसंच राहू दिलं. "छप्पर न्हाई. कमानी हायत आन् वर आभाळ," असं म्हणून त्यांनी फळ्यावर कमान काढली. आमचं पुनर्वसनाचं गावही सरळ रेषेतच होतं, घरांना नंबर होते.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्या लातूरला माझ्या घरी आल्या. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. चहा संपवून त्यांनी विचारलं, चार दिवसांसाठी लिस्बनला जायचं तर काय काय लागतं? मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

मग दर रविवारी आमची बैठक बसू लागली. बाईंनी ड्रॉइंगच्या कागदावर शहराचा नकाशा काढून आणला. नदी निळी, चढाचे रस्ते तांबडे. गुडघ्यांना चढ झेपावा म्हणून त्या रोज सकाळी गावामागची टेकडी चढू लागल्या. थंडी बेताची म्हणून मार्च ठरला. धपाटी किती दिवस टिकतील, शेंगदाण्याची चटणी विमानात नेता येते का, हे मी शोधून सांगायचं. मी यादीत नदीकाठचा बुरूज घातला, जुनी ट्राम घातली, राजवाडा घातला. त्यांनी सगळ्यावर हलकेच पेन्सिल फिरवली. "ते तू बघ. मला त्या चर्चात बसू दे."

चारही दिवस? मी विचारलं. तेव्हा त्या पहिल्यांदा भूकंपाच्या त्या दिवसाबद्दल बोलल्या. आई आजारी म्हणून त्या उदगीरला माहेरी निघाल्या होत्या. मुलगी म्हणाली, मला गणपती बुडवायला जायचंय. बाईंनी तिला राहू दिलं. विसर्जनाच्या त्याच रात्री, पहाटे, गाव पडलं. त्यानंतर जुन्या गावात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. नव्या गावापासून ते तीन किलोमीटरवर आहे.

"पाय उचलत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिथलं पडलेलं बघवलं, तर इथलं बघवंल. म्हणून जायचं हाय."

पहिल्या वर्षी मार्च आला तेव्हा मीच मोडता घातला. मुलाचं नीट परीक्षेचं वर्ष होतं, आणि लातुरात त्या वर्षी आईबापांनी घर सोडायचं नसतं. बाईंनी एका शब्दानं बोल लावला नाही. मला मात्र ते वर्ष अजून टोचतं.

पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला जाऊन अर्ज दिले, बोटांचे ठसे दिले. अर्जात बाईंचे रकाने भराभर संपले. पती नाही, अपत्य नाही, नोकरी नाही. घर सरकारनं दिलेलं. तीनेक आठवड्यांनी पाकिटं आली. माझ्या पासपोर्टवर व्हिसा होता. बाईंच्या पासपोर्टसोबत एक छापील कागद होता आणि एका ओळीपुढे खूण: अर्जदार मुदतीत आपल्या देशी परत जाईल याची खात्री पटत नाही.

ती ओळ मी त्यांना मराठीत करून सांगितली. त्यांनी पुन्हा सांगायला लावली. मग कागदाची घडी घालून मांडीवर ठेवली.

"मला जायचं असतं," त्या म्हणाल्या, "तर तवाच गेले असते की."

पुन्हा अर्ज करू, असं मी म्हणाले. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि मला गाडी काढायला सांगितलं.

जुन्या गावात वेडी बाभळ माजली होती. मातीच्या छताच्या माळवदी घरांचे दगड ढिगांनी पडलेले, वाटा बुजलेल्या. बाई पुढे, मी मागे. त्या कुठेही अडखळल्या नाहीत. इथं आड, इथं पार, इथं किराण्याचं दुकान, असं पुटपुटत एका ढिगापाशी थांबल्या आणि खाली बसल्या. तळव्यानं एका दगडावरची माती पुसली.

"मंजू इथं झोपायची," त्या म्हणाल्या. "दाराच्या बाजूला. मीच तिला आत सरकवायचे, थंडी लागंल म्हणून."

इतक्या वर्षांत मुलीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्या रडल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मी थोडी दूर उभी होते. जवळ जावं की नाही ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी उठायला हात मागितला.

त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी बाई गेल्या. घरीच, सकाळी, हृदयविकारानं. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी लिस्बनला गेले नाही. व्हिसाची मुदत संपून गेली.

दिवाळीनंतर मी एकटी जुन्या गावात गेले. त्या दगडाशी दोन फुलं ठेवावीत, एवढंच मनात होतं. पावसानं गवत छातीएवढं वाढलं होतं. आड सापडला, पार सापडला. पुढचे ढीग सगळे सारखेच दिसत होते. तासभर हिंडले. मंजू कुठं झोपायची ते विचारायला आता कुणी नव्हतं. फुलं हातातच घेऊन मी गाडीकडे परत आले.