शाल, श्रीफळ आणि खिशातलं पत्र

अमेरिकेतल्या आमच्या राज्याचे गव्हर्नर चौथ्यांदा निवडून आले, तेव्हा मी सरकारी मनोरुग्णालयात डॉक्टर होतो आणि वर मराठी मंडळाचा अध्यक्ष. दुसऱ्या पदाचाच तोरा जास्त होता.

पहिल्यांदा निवडून आल्यावर ते आमच्या वॉर्डात आले होते. शेतकऱ्याचा मुलगा, बाह्या दुमडून पेशंटांबरोबर सूप प्यायले. तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेली बाई अजून आमच्याकडेच होती. तिचं असं कोणी उरलं नव्हतं. खिडकीजवळची खाट हेच घर. आता त्याच गव्हर्नरांनी रुग्णालय बंद करायचं ठरवलं होतं.

तिने त्यांना पत्र लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. "ते मला ओळखतात, डॉक्टर. मला इथेच राहू द्या, एवढंच लिहिलंय. पण त्यांच्या हातातच द्या हं."

मी शब्द दिला, कारण त्याच शनिवारी ते आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला येणार होते. पाहुणा कोणी का असेना, आम्ही त्याला शाल-श्रीफळ देणारच. आमची नोकरी घालवणाऱ्यालाही! स्टेजवर चढताना मंडळाचे सेक्रेटरी कानाशी लागले, "डॉक्टर, हॉस्पिटलचा टॉपिक आज नको, प्लीज. किती मुश्किलीने डेट मिळालीये, यार!"

मी शाल घातली, नारळ दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, हॉल हसला. मग मला विचारलं, "आपण काय करता?"

पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. हात घालायचा अवकाश होता.

"स्टेटच्याच नोकरीत आहे, सर."

"म्हणजे आपण सहकारीच!" त्यांनी हात मिळवला, फोटो निघाला. मी दात काढून हसतोय त्यात. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी तिने विचारलं, "दिलंत?"

"दिलं," म्हणालो. पोस्टाने पाठवू, असं मनाशी ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं.

पंधरवड्याने माझ्या टेबलावर राज्याच्या मोहरेचं पाकीट आलं. नेमकं तिनेच आधी पाहिलं. "आलं ना उत्तर!" ती समोरच्या खुर्चीत हात जुळवून बसली. आता वाचणं भाग होतं. आपुलकीच्या स्वागताबद्दल आभार, ती संध्याकाळ लक्षात राहील, वगैरे. शाल आणि नारळ मी गाळले.

"आणि माझ्या राहण्याचं?"

"त्याबद्दल काही नाही लिहिलेलं."

ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मग त्यांना माझं पत्र मिळालंच नसणार. मिळालं असतं तर त्यांनी लिहिलं असतं. डॉक्टर, तुम्ही त्यांच्याच हातात दिलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात तिला लांबच्या एका गावी हलवलं. गाडीत बसताना तिने नवा पत्ता लिहिलेला कागद माझ्या हातात ठेवला, त्यांचं उत्तर आलं तर तिकडे पाठवायला.