ट्रंका परत आत ओढल्या
शिंप्याच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं काज-बटणं केल्यामुळे सगळे त्यांना काजेबाई म्हणत. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पण 'तुम्हाला कोण आहे?' असं कुणी विचारलं की ताठ होऊन सांगत, "आहे की! लेक, जावई, नात. लांब असतात, एवढंच."

ही लेक म्हणजे चर्चच्या मंडळीने डोंगरापलीकडच्या मिशन दवाखान्यात पाठवलेली नर्स, जावई म्हणजे तिचा डॉक्टर नवरा, आणि नात म्हणजे तिकडेच जन्मलेली त्यांची पोर. ते निघाले तेव्हा, यांना प्रार्थनेत कोण सांभाळणार, असं पाळकांनी विचारलं आणि चर्चमध्ये डझनभर हात वर झाले. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थना सुरू झाली. मग कुणाचे गुडघे कुरकुरू लागले, कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी देवाघरी. नवव्या वर्षी काजेबाई एकट्याच उरल्या. पाळकांना वाईट वाटलं, तर त्याच हसून म्हणाल्या, "बरं झालं. आता देवाला फक्त माझंच ऐकायचंय."

दर पंधरा दिवसांनी त्या पत्र लिहीत. शिंप्याने कुणाच्या पँटचा एक पाय आखूड शिवला, मग भांडण कसं जुंपलं, असं काहीबाही. आणि शेवटी ठरलेलं: 'खचू नका. देवाने ठेवलंय तिथे घट्ट उभे राहा.'

एकदा नर्सचं चारच ओळींचं पत्र आलं. 'मावशी, पोरीचा ताप हटत नाही. औषधं वेळेवर पोहोचत नाहीत. परत यावंसं वाटतं.'

काजेबाईंनी तीन दिवस उपास केला, प्रार्थना केली आणि चार पानं लिहिली. ही परीक्षा आहे, आता माघार घेऊ नका, असं. इतकं चांगलं पत्र आपण कधी लिहिलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. टपालपेटीत टाकताना ऊर भरून आला होता.

दीड महिन्याने पोर गेली. आठ वर्षांची होती.

दोघं परत आले आणि एका भाड्याच्या खोलीत उतरले. काजेबाई भेटायला गेल्या. दार डॉक्टरने उघडलं, मान हलवली आणि तो गच्चीवर निघून गेला. नर्स खाटेवर बसली होती.

"मावशी, तुमचं पत्र आलं त्या दिवशी सामान बांधलेलं होतं," ती म्हणाली. "दोन ट्रंका दारात होत्या. यांनी पत्र मोठ्याने वाचलं. मग आम्ही ट्रंका परत आत ओढल्या."

काजेबाई खाटेच्या कडेला टेकल्या. "मला काय ठाऊक, बाळ..."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही इथे होतात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काजेबाईंनी पाय तरी धरले असते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासाठी प्रार्थना करू?"

"नको. माझ्यासमोर तरी नको."

पुढच्या महिन्यात पाळकांनी त्यांना बोलावलं. नवं कुटुंब त्याच दवाखान्यात जाणार होतं. "पत्रं तुम्हीच लिहा. तुमच्यासारखा धीर कोण देणार?"

"धीर द्यायला काय जातं हो, पाळकसाहेब? मी पंख्याखाली बसून दिला."

"देवाची काही योजना असेल, बाई."

"असेल. मला सांगू नका." त्या उठल्या. पाळकांशी त्या असं कधीच बोलल्या नव्हत्या.

आता गुरुवारी त्या नर्सच्या खोलीवर जातात. केर काढतात, भाजी चिरतात. डॉक्टर त्या आल्या की बाहेर पडतो. नर्स फारशी बोलत नाही, पण येऊ नका असंही म्हणत नाही. एका दुपारी तिने अचानक विचारलं, "मावशी, अजून करता प्रार्थना?"

"डोळे मिटून बसते. शब्द येत नाहीत."

"मलाही नाहीत येत," नर्स म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. काजेबाईंनी चहाचे कप विसळायला घेतले.